प्रागमध्ये तीन दिवस, सोलापूरच्या घड्याळाने

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली त्या वर्षी आम्ही दोघांनी युरोपला जाण्याचे ठरवले, तेव्हा सोलापुरातील जवळजवळ प्रत्येक ओळखीच्या माणसाने एकच सल्ला दिला: एवढे पैसे घालून जाताच आहात, तर पाच-सहा देश उरकून या. आम्ही तो सल्ला मानला नाही. चेक प्रजासत्ताकाची राजधानी असलेले प्राग हे एकच शहर निवडले, तेथे पूर्ण तीन दिवस राहिलो आणि बसच्या खिडकीतून काहीही पाहिले नाही. ज्या जोडप्याच्या हाती जेमतेम आठवडाभराची रजा आहे, त्यांनी असेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे करावे, हे पुढे सांगतो.

प्राग निवडण्याचे कारण असे की, दुसऱ्या महायुद्धात युरोपातील अनेक जुनी शहरे जमीनदोस्त झाली, त्या मानाने या शहराचे नुकसान कमी झाले. त्यामुळे चौदाव्या शतकातील पूल, त्याच शतकात पायाभरणी झालेले कॅथेड्रल आणि पंधराव्या शतकाच्या आरंभीचे घड्याळ ही तिन्ही आजही आपापल्या जागी आहेत, आणि सिद्धेश्वर मंदिरापासून सात रस्त्यापर्यंत सहज चालत जाणाऱ्या माणसाला ती पायीच पाहता येतात. प्रागचा हा ऐतिहासिक भाग १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. साहजिकच गर्दीही तशीच असते, आणि त्या गर्दीवरचा उपाय सोलापूरकराजवळ आपसूक असतो.

तो उपाय म्हणजे आपले घड्याळ. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत प्राग आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. सोलापुरात सकाळी साडेसहाला उठणारा माणूस प्रागमधील पहिल्या दिवशी पहाटे तीनलाच टक्क जागा होतो आणि संध्याकाळी साडेसातला, म्हणजे आपल्या रात्री अकराला, पेंगू लागतो. बहुतेक प्रवासी या प्रकाराला जेट लॅग म्हणून नावे ठेवतात, पडदे ओढून अंथरुणात तळमळतात आणि दहा वाजता बाहेर पडून नेमके गर्दीत सापडतात. त्याऐवजी शरीराला सोलापूरच्याच वेळेवर राहू द्यावे. पहाटे पाच ते आठ या वेळात जुने प्राग रिकामे असते आणि त्या वेळेला आपली झोप पुरी झालेली असते. मे आणि जून हे महिने यासाठी सर्वांत सोयीचे, कारण तेव्हा प्रागमध्ये पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो. डिसेंबरात तो आठच्या आसपास उगवतो, म्हणून ही युक्ती तेव्हा चालत नाही. शिवाय मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीसच्या घरात असताना अंगावर स्वेटर घालून फिरण्यात एक निराळाच आनंद आहे, हेही कबूल केले पाहिजे.

निघण्यापूर्वी

चेक प्रजासत्ताक २००७ पासून शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो आणि तो ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्याच देशाकडे मागावा लागतो. एकाच शहरात राहण्याचा पहिला फायदा येथेच दिसतो: अर्ज कोणाकडे करावा याबद्दल शंका उरत नाही आणि प्रवासाचा आराखडा एका पानात मावतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस लागतात, पण काही वेळा पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. म्हणून मे महिन्यात जायचे असेल तर गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) संपली की लगेच कागद गोळा करायला बसावे. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीसाठी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला हवा. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाची मर्यादा किमान ३०,००० युरो असली पाहिजे. बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांनाही स्वतः जावे लागते. पूर्वी शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असतील आणि त्याला एकोणसाठ महिने उलटले नसतील, तर ते सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

कागद जुळवताना आमची खरी अडचण पैशांची नव्हती, नावाची होती. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माझे नाव एका स्पेलिंगने आणि सौ.च्या पासपोर्टवर पतीचे नाव दुसऱ्याच स्पेलिंगने छापलेले होते, आणि तिच्या बँक खात्यावर अजून माहेरचे आडनाव होते. पंचवीस वर्षांत कोणाचे त्यावाचून अडले नव्हते. म्हणून दोघांचे पासपोर्ट, आधार कार्ड, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र आणि विवाहाचा दाखला एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे आणि दुरुस्ती असेल ती अर्जाच्या दोन-तीन महिने आधी करून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते कोणा एजंटावर सोपवू नये.

मुंबईहून प्रागला जाताना आखाती देशांत, इस्तंबूलला किंवा युरोपातील एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलावे लागते. ही विमाने बहुधा रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे सुटतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच सकाळचे विमान पकडण्याचा धोका पत्करू नये. गाडी दोन तास उशिरा आली तर सगळे गणित कोसळते. आदल्या दिवशी सकाळी वंदे भारतने निघावे, दुपारी दादरला उतरावे, एखाद्या नातेवाइकाकडे पाठ टेकावी आणि रात्री विमानतळ गाठावा. शक्य असल्यास मंगळवारी दुपारी प्रागला पोहोचता येईल आणि शनिवारी सकाळी निघता येईल असे तिकीट काढावे. या वारांमागे कारण आहे, ते पुढे येईलच.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे पेढे, बर्फी आणि घरचे तूप येथेच ठेवावे. शेंगा चटणी, कडक भाकरी आणि भाजके पोहे यांना हरकत नसते, आणि पहाटे तीनला जाग आल्यावर हॉटेलात न्याहारी मिळत नाही तेव्हा कडक भाकरी व चटणी यांचे मोल कळते. आपला दोन पिनांचा चार्जर तेथील सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा बसत नाही. चपला-सँडलच्या भरवशावर राहू नये. जुन्या शहराचे रस्ते आणि पदपथ छोट्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, त्यांवर पातळ तळव्यांचे पाय संध्याकाळपर्यंत भरून येतात आणि चाकांच्या बॅगेचा खडखडाट अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. सोलापुरी चादर न्यावी की नाही, हे मी सांगणार नाही. आम्ही नेली होती, आणि ती विमानातच कामी आली.

पोहोचल्यावर, आणि पैशांबद्दल

युरोपात शिरताना आता पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा एंट्री-एक्झिट सिस्टीमने घेतली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून तीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. शेंगेन गटातील दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर ही तपासणी तेथेच होते, म्हणून दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. दोघांनी आपापला पासपोर्ट आपल्याजवळच बाळगावा आणि त्याच्या झेरॉक्स प्रती मात्र एकमेकांच्या पिशवीत ठेवाव्यात. आपल्याकडे सगळी कागदपत्रे एकाच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत आहे, ती परदेशात महागात पडते.

चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तेथे युरो हे चलन नाही. तेथे कोरुना चालतो. झटपट हिशेबासाठी एक कोरुना म्हणजे चार रुपये धरावेत. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, तरी सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी नाणी जवळ असावीत, कारण तेथे पैसे पडतात आणि सुटे नसले की दोघांपैकी एकाची फार पंचाईत होते. कार्डाच्या यंत्रावर किंवा एटीएमवर रक्कम रुपयांत किंवा युरोत वळती करू का, असा प्रश्न आला तर न चुकता कोरुनाच निवडावा. मदतीच्या आविर्भावात आलेल्या त्या प्रश्नात यंत्रवाल्याचा चांगलाच नफा दडलेला असतो.

नोटा बदलण्याच्या बाबतीत आम्ही स्वतः फसलो. जुन्या शहरातील एका दुकानावर 'शून्य टक्के कमिशन' अशी मोठी पाटी होती. मी शंभर युरो पुढे केले आणि हातात आलेल्या नोटा न मोजता पाकिटात घातल्या. बाहेरच्या फलकावर ठळक लिहिलेला दर त्यांनी चलन विकण्याचा होता, घेण्याचा दर खाली बारीक अक्षरांत होता. हॉटेलात सौ.ने कागदावर भागाकार केला आणि विचारले, "अहो, पावती दिली होती ना त्यांनी? जपून ठेवलीत का?" स्वागतकक्षातील मुलीने मग सांगितले की, २०१९ पासून तेथे असा कायदा आहे की, रोख चलन बदलल्यापासून तीन तासांच्या आत, रक्कम १००० युरोंपर्यंत असेल तर, ग्राहक व्यवहार रद्द करून आपले पैसे परत मागू शकतो. आम्ही दीड तासाने परत गेलो, पावती काचेखालून सरकवली आणि एक शब्दही न बोलता त्याने शंभर युरोची नोट परत केली. म्हणून पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, आणि शक्यतो एखाद्या बँकेच्या एटीएममधून थोडेच कोरुना काढावेत.

राहण्याची जागा नारोदनी या रस्त्याच्या आसपास घेतल्यास चार्ल्स पूल दहा-पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर येतो आणि किल्ल्याकडे जाणारी २२ क्रमांकाची ट्राम दारातून मिळते. ट्राम, बस आणि मेट्रो यांना एकच तिकीट चालते. ७२ तासांचे तिकीट घ्यावे, पण उतरल्या उतरल्या त्यावर शिक्का मारू नये, कारण वेळ शिक्क्यापासून मोजली जाते. मंगळवारी विमानतळावरून येताना लहान मुदतीचे साधे तिकीट वापरावे आणि ७२ तासांच्या तिकिटावर बुधवारी सकाळी ट्राममध्ये चढताना पिवळ्या यंत्रात शिक्का मारावा, म्हणजे ते शनिवारी सकाळी विमानतळाकडे निघेपर्यंत पुरते. शिक्का न मारलेले तिकीट खिशात असणे म्हणजे तिकीट नसण्यासारखेच आहे. तपासनीस साध्या वेशात असतात आणि दंड जागेवर घेतात.

पहिली पहाट: पूल आणि किल्ला

बुधवारी पहाटे तीनला जाग येईलच. चहा करावा, चटणी-भाकरी खावी आणि साडेचारला बाहेर पडावे. मे महिन्यातही त्या वेळी आठ-दहा अंश तापमान असते, तेव्हा कानाला मफलर असू द्यावा.

व्ल्टावा नदीवरील आधीचा पूल १३४२ च्या पुराने वाहून गेला. त्यानंतर सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७ मध्ये या पुलाची पायाभरणी केली. मुहूर्त ९ जुलैच्या पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांचा होता असे सांगतात, कारण वर्ष, दिवस, महिना, तास आणि मिनिटे ओळीने लिहिली की १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ अशी चढती-उतरती विषम अंकमाला तयार होते. मुहूर्ताचे वेड फक्त आपल्याकडेच आहे असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पूल पाचशे मीटरहून थोडा अधिक लांब आहे आणि त्याच्या दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे अथवा शिल्पसमूह आहेत. पुतळे मात्र पुलापेक्षा बरेच अलीकडचे, मुख्यतः १६८३ ते १७१४ या काळातील आहेत, आणि त्यांपैकी अनेक आता प्रतिकृती आहेत. पहिला पुतळा यान नेपोमुक या धर्मगुरूचा. राजाज्ञेने १३९३ मध्ये त्याला याच नदीत फेकण्यात आले होते. त्याच्या चौथऱ्यावरील पितळी चौकट लाखो हातांच्या स्पर्शाने सोन्यासारखी चकाकते. दिवसा तेथे हात लावण्यासाठी रांग असते. आम्ही पोहोचलो तेव्हा पुलावर एक झाडूवाला, कॅमेऱ्याची तिकाटणी लावून बसलेला एक तरुण आणि आम्ही दोघे होतो. पाण्यावरून धुके पुलाच्या कमानींतून सरकत होते आणि झाडूच्या खराट्याचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात होता. सकाळी दहानंतर याच जागेवर खांद्याला खांदा लागतो.

पुलाच्या जुन्या शहराकडील टोकाला उंच दगडी मनोरा आहे. तो येता-जाता नीट पाहून ठेवावा, कारण गुरुवारी त्याचा संदर्भ पुन्हा येणार आहे.

साडेसहापर्यंत हॉटेलात परतून न्याहारी करावी आणि साडेआठच्या ट्रामने किल्ल्याच्या थांब्यावर उतरावे. चढ ट्रामने चढून जावा आणि उतार पायी उतरावा, हा गुडघ्यांच्या हिताचा साधा नियम आहे. किल्ल्याच्या आवारात शिरण्यास पैसे पडत नाहीत, इमारतींचे तिकीट मात्र काढावे लागते. सुरक्षा तपासणी उरकून नऊच्या ठोक्याला सेंट व्हिटस कॅथेड्रलच्या दारात असावे. या कॅथेड्रलचे बांधकाम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले. मधली कित्येक शतके ते अर्धेच उभे होते. डाव्या बाजूच्या खिडक्यांमध्ये अल्फोन्स मुखा या चित्रकाराची रंगीत काचेची खिडकी आहे. रविवारी सकाळी येथे उपासना असते आणि पाहुण्यांना दुपारी प्रवेश मिळतो. म्हणूनच मी मंगळवार ते शनिवार असे रविवार टाळणारे वार सुचवले.

जुन्या राजवाड्यातील व्लादिस्लाव्ह सभागृहात एके काळी घोडेस्वारांच्या स्पर्धा होत आणि त्यासाठी घोडे चढू शकतील असा रुंद, ठेंगण्या पायऱ्यांचा जिना बांधलेला आहे. त्याच राजवाड्याच्या एका दालनातून २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीबाहेर फेकून दिले. तिघेही वाचले, पण त्यातून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले. खिडकीतून एकदा खाली वाकून पाहावे. ते वाचले कसे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. गोल्डन लेनमधील रंगीत खुराड्यांसारख्या घरांपैकी २२ क्रमांकाच्या घरात १९१६-१७ च्या सुमारास लेखक फ्रान्झ काफ्का लिहायला बसत असे. त्या गल्लीत फार वेळ घालवू नये. ती अरुंद आहे, गर्दी लवकर होते आणि बहुतेक घरांत आता दुकाने आहेत. जुन्या पायऱ्यांनी खाली उतरावे, जेवावे आणि सरळ खोलीवर जाऊन वामकुक्षी घ्यावी. सोलापूरकराला दुपारच्या झोपेचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. फक्त ती तासाभरापेक्षा जास्त लांबू देऊ नये, नाहीतर रात्र बिघडते.

गुरुवार: घड्याळ, सत्तावीस फुल्या आणि योसेफोव्ह

जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरील ओर्लॉय हे खगोलीय घड्याळ १४१० चे आहे. कादानचा मिकुलाश या घड्याळजीने ते घडवले. हानुश नावाच्या कारागिराने ते बनवले आणि तसे दुसरे घडवू नये म्हणून त्याचे डोळे काढण्यात आले, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो; ती खोटी आहे. दर तासाला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती सरकतात आणि शेवटी कोंबडा आरवतो. हा सोहळा मिनिटभरातच आटोपतो. सर्वांच्या माना वर असतात आणि खिसेकापूंचे हात खाली असतात, हे गड्ड्यावर वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

खरी मौज सोहळ्यात नाही, तबकडीत आहे, आणि ती पंचांग वाचणाऱ्याला इतरांपेक्षा लवकर उमगते. म्हणून तासाच्या ठोक्यानंतर गर्दी पांगली की दहा-पंधरा मिनिटे तबकडीसमोर उभे राहावे. रोमन आकड्यांच्या वर्तुळावरून नेहमीची वेळ कळते. सर्वांत बाहेरचे वर्तुळ जुन्या बोहेमियन, म्हणजे चेक पद्धतीचे. त्यात दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो आणि तेथून चोवीस तास मोजले जातात, म्हणून ते वर्तुळ ऋतूप्रमाणे हळूहळू सरकत राहते. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, तेथे सूर्यास्ताला होत असे, एवढाच फरक. तबकडीवरच्या वक्र रेषा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा समान भाग पाडतात. हे भाग उन्हाळ्यात लांबतात आणि हिवाळ्यात आखडतात, अगदी दिनमानाच्या बाराव्या हिश्श्यासारखे. आत फिरणाऱ्या लहान वर्तुळावर बारा राशी आहेत आणि सूर्य-चंद्र कोणत्या राशीत आहेत ते त्यावरून वाचता येते. चंद्र म्हणजे अर्धा काळा, अर्धा चंदेरी असा छोटा गोळा आहे; तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. आम्ही गेलो त्या दिवशी तो अर्ध्याहून जास्त उजळ होता, सौ.ने बोटांवर मोजून "शुद्ध दशमीच्या आसपास असेल" असे सांगितले आणि फोनवरील पंचांगात नवमी निघाली.

त्याच नगरभवनाच्या पूर्वेकडील भिंतीजवळ फरसबंदीत पांढऱ्या दगडांच्या सत्तावीस फुल्या आहेत. त्या म्हणजे क्रूस आहेत. राजवाड्याच्या खिडकीतून सुरू झालेले बंड १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत मोडले गेले आणि २१ जून १६२१ रोजी तीन उमराव, सात सरदार आणि सतरा नागरिक यांना या जागी देहदंड देण्यात आला. त्यांपैकी बारा जणांची शिरे चार्ल्स पुलाच्या त्याच मनोऱ्यावर दहा वर्षे टांगून ठेवली होती, जो आपण आदल्या पहाटे पाहिला. लोक या फुल्यांवरून आइस्क्रीम खात चालतात, कारण त्या कशाच्या आहेत ते कोणी विचारत नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांच्या पुतळ्यांवरून आपणही रोज गाडी वळवून जातो, हे तेथे उभे असताना माझ्या मनात आल्याशिवाय राहिले नाही.

चौकातील टिन चर्चमध्ये टायको ब्राहे या खगोलवेत्त्याची समाधी आहे. तो १६०१ मध्ये प्रागला वारला. त्याने टिपलेल्या निरीक्षणांवरून केप्लरने याच शहरात मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे ताडले आणि १६०९ मध्ये ग्रहगतीचे पहिले दोन नियम प्रसिद्ध केले. चर्चचे दार उघडे असेल तर आत जावे, बंद असेल तर रेंगाळू नये.

योसेफोव्ह हा ज्यूंचा जुना मोहल्ला चौकापासून पाच मिनिटांवर आहे. शनिवारी सब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, तो बंद असतो. वार ठरवताना हेही ध्यानात ठेवायचे होते. जुन्या दफनभूमीतील सर्वांत जुना दगड १४३९ चा आहे आणि शेवटचे दफन १७८७ चे. जागा वाढवता येत नव्हती म्हणून मातीचे थर चढवून एकावर एक दफने होत गेली, आणि त्यामुळे सुमारे बारा हजार दगड दाटीवाटीने, एकमेकांना रेलून उभे आहेत. शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर नाझींनी मारलेल्या चेक ज्यूंची सुमारे ऐंशी हजार नावे हाताने लिहिलेली आहेत. गावानुसार, कुटुंबानुसार, जन्मतारखेसह. पुरुषांनी डोके झाकायचे असते, टोपी दारात मिळते. येथे छायाचित्रे काढू नयेत आणि यानंतर त्या दुपारी दुसरे काही ठरवू नये. आम्ही नदीकाठच्या बाकावर तासभर बसून होतो.

शुक्रवारपर्यंत

जेवणाचे थोडक्यात सांगतो, कारण शाकाहारी माणसाने प्रागला जेवणासाठी जाऊ नये. बटाट्याची लसूण घातलेली धिरडी, तळलेले चीज आणि मश्रूमचे सूप एवढे बहुतेक ठिकाणी मिळते. सूप मांसाच्या पाण्यात केले आहे का, हे विचारून घ्यावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, पण उपाहारगृहात पाण्याचे पैसे लागतात. रस्तोरस्ती निखाऱ्यावर भाजून विकला जाणारा साखरेचा गोल पाव 'जुना चेक पदार्थ' म्हणून खपवला जातो. तो प्रवाशांसाठीच फोफावलेला प्रकार आहे, हे ठाऊक असूनही आम्ही दोनदा खाल्ला.

तिसऱ्या दिवसापर्यंत शरीर तेथल्या वेळेवर येऊ लागते आणि दोघांची चालही वेगळी पडू लागते. एकाला दुकाने हवी असतात, दुसऱ्याला बाक. शुक्रवारची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवावी आणि वाटल्यास वेगवेगळे हिंडावे. फक्त भेटण्याची जागा आणि वेळ फोनवर न ठेवता आधीच ठरवावी. वेन्सेस्लास चौकातील संतराजाच्या अश्वारूढ पुतळ्याखाली भेटणे सोपे. याच चौकात जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये लाखोंच्या जमावापुढे कम्युनिस्ट राजवट कोसळली. तेथेच बाटाचे बहुमजली काचेचे दुकान आहे. शाळेच्या बुटांमुळे आपण ज्याला आयुष्यभर भारतीय समजलो, तो बाटा मूळचा चेक प्रांतातील झ्लीन गावचा. कंपनी १८९४ मध्ये तेथे निघाली. सौ.ने आत जाऊन किमती पाहिल्या आणि सोलापूरच्या नवी पेठेत घेऊ असे म्हणून ती बाहेर आली.

दुपारी मेट्रोने विशेह्रादला जावे. हा नदीवरच्या कड्यावरील जुना कोट आहे, आवारात प्रवेश मोफत आहे आणि चार्ल्स पुलाच्या मानाने माणसे अगदी तुरळक असतात. तेथील दफनभूमीत स्मेताना आणि द्वोर्झाक हे संगीतकार आणि ज्याची खिडकी आपण कॅथेड्रलमध्ये पाहिली तो मुखा विसावले आहेत. तटबंदीवरून नदी, पूल आणि लांबवर किल्ला एका रेषेत दिसतात, आणि तीन दिवसांत आपण नेमके कोठे कोठे चाललो ते एकमेकांना बोटाने दाखवता येते. मे महिन्यात सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणून घाई करू नये. पुलावरचे दिवे पाहायचे ते याच रात्री. पहिल्या रात्री पेंगत पाहिले तर नुसते ठिपके दिसतात.

परतीच्या प्रवासात मात्र घड्याळ उलटे वागते. सोलापुरात आल्यावर मध्यरात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी नऊला डोळे उघडत नाहीत, आणि येथे पहाटेच्या रिकाम्या पुलासारखे बक्षीसही नसते. रजेचा अर्ज करतानाच परतल्यानंतरचे दोन दिवस त्यात धरून ठेवावेत.